थोरलीच्या पाठोपाठ ‘नको’

मित्रांनो, मी एक म्हातारा टेपरेकॉर्डर. कोरियातल्या एका विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडलो आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा कान इतका तिखट होता, की भिंतीपलीकडे मुंगीने जांभई दिली तरी फितीवर उमटे. खोटं वाटतं? वाटू द्या. संशय घेणं हाच तर माझा धंदा होता.

संशोधन करणाऱ्या दो-ह्येबाईंच्या पिशवीत मी आणि एक गणकयंत्र शेजारी राहत असू. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही! “तू नुसत्या गप्पा गोळा करतोस,” ते म्हणे. “आणि तू नुसती डोकी मोजतोस,” मी म्हणे.

एकदा डोंगरातल्या एका गावची बस बंद करावी का, हे विचारायला आम्ही गेलो. गावच्या बैठकीत, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर, आज्या बसल्या होत्या. तिथे बाईला माहेरच्या गावावरून ओळखतात. सर्वांत थोरल्या नामवोनवाल्या आजी आधी बोलल्या, “बस कशाला? माझा मुलगा गाडी घेऊन येतो.” मग ओळीने सगळ्या म्हणाल्या, “बस नको. नको.”

गणकयंत्र फुगलं. शंभर टक्के! पण फीत ऐकताना दो-ह्येबाईंच्या कपाळाला आठी पडली. “सगळ्यांचा सूरही एकच कसा?”

दुसऱ्या दिवशी बाई बैठकीतल्याच हादोंगवाल्या आजींकडे गेल्या. आजी कोबीला मीठ चोळत होत्या. माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणाल्या, “हा डबा कुणाकडे चुगली करणार गं?”

“नको असेल तर बंद ठेवते, आजी.”

“राहू दे. अगं पोरी, थोरलीपुढे कुणी वेगळं बोलतं का? पण हे गुडघे काय पाटीत घालून दवाखान्यात नेऊ?”

मी फुशारलो. मोजणी गेली खड्ड्यात! तर बाईंना माझाही संशय. “एका आजीच्या गुडघ्यांवरून सारं गाव कसं ठरवू?” असं पुटपुटत त्या घरोघर फिरल्या, प्रत्येकीला एकटीला विचारून पुन्हा मोजलं. बस जवळजवळ सगळ्यांना हवी होती.

शेवटी नामवोनवालींचं घर. बराच वेळ माझी फीत मुकीच फिरत राहिली. मग आजी हळूच म्हणाल्या, “मुलगा दोन वर्षं फिरकला नाही. पण मी थोरली. मीच मागायला लागले तर कसं दिसेल? …लिही. मलाही हवी.”

गणकयंत्राचा आकडा आणि माझी फीत कचेरीत जोडीने गेली. बस राहिली.

म्हणून सांगतो मित्रांनो, नुसत्या आकड्याला भुलू नका आणि नुसत्या गोष्टीलाही नाही, अगदी माझ्या गोष्टीलासुद्धा. माणसाला एकटं गाठून विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर उठून जाऊ नका.