मांजरांचा वास

म्हातारा उकिडवा बसून जुन्या झाऱ्याने मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू चाळत होता. ओले गोळे वर आले की कागदात गुंडाळायचे, पिशवीला गाठ मारायची, वर मूठभर नवी वाळू पसरायची. थोरली मांजर खिडकीत बसून मुकादमासारखी देखरेख करत होती, धाकटी त्याच्या पाठीवर चढायच्या बेतात होती. काम उरकल्यावर त्याने ट्रेवर वाकून जोरात श्वास घेतला. ही आपली सवय. त्याला कशाचाच वास येत नसे. रंगाच्या कारखान्यात थिनरच्या पिंपांशेजारी सगळी नोकरी झाली होती, आणि निवृत्त होताना नाक तिथेच राहिलं होतं.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. दूध करपलं, गॅस चालू राहिला, की ती सांगायची. सकाळी त्याच्याजवळून जाताना सदरा हुंगून म्हणायची, काढा तो आधी. ती गेली, आणि तो तिची दोन मांजरं घेऊन मुलाकडे राहायला आला. मुलाला नाकाचं सांगायचं राहून गेलं. गुडघे आणि डोळे आधीच कामातून गेले होते. आणखी एकाची वर्दी कशाला द्यायची, असं त्याला वाटलं.

इथे वासाचं प्रकरण सुरू झालं. सून तोंडाने काही म्हणायची नाही, नुसत्या खिडक्या उघडायची. बोलायचं काम मुलाकडे होतं. ट्रे आधी बाल्कनीत होता, मग न्हाणीघरात गेला, शेवटी म्हाताऱ्याच्या खोलीत आला, आणि दार लोटून ठेवायचा नियम झाला. म्हाताऱ्याने लिंबाच्या वासाचं औषध आणून वाळूत ओतलं. किती ओतायचं हे नाकाशिवाय कळणार कसं? त्याने बाटली रिकामी केली. त्या ट्रेत पाऊल टाकायला थोरलीने साफ नकार दिला आणि मुलाच्या ऑफिसच्या बुटात कार्यभाग उरकला.

तेव्हा मुलाने निर्वाणीचं सांगितलं. वास गेला नाही, तर मांजरं जातील.

म्हातारा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला. त्यांनी सांगितलं, सुगंधी काही घालूच नका, मांजरांना ते सोसत नाही. सकाळ-संध्याकाळ गोळे काढा, ट्रे साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवा, दोघींना मिळून एक ट्रे पुरायचा नाही. त्याने आणखी ट्रे आणले. कारखान्यात कधी केलं नव्हतं इतक्या इमानाने सगळं केलं. मुलगा दारातूनच नाक मुरडायचा. अजून येतोय, म्हणायचा.

शेवटी म्हाताऱ्याने हात टेकले. कोपऱ्यावरच्या शिंपिणीच्या दुकानात उंदरांनी उच्छाद मांडला होता. ती म्हणाली, दोघींनाही द्या. टोपलीतून नेताना धाकटी सारखी ओरडत होती. थोरलीने मात्र एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. घरी येऊन त्याने ट्रे घासून कपाटामागे उभे केले, फरशी पुसली, उरलेली वाळू टाकून दिली. विचारतील तेव्हा सांगू, असं त्याने ठरवलं. आठवडा उलटून गेला तरी दार लोटलेलंच राहिलं आणि कुणी काही विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मुलगा आला. दार अर्धवट ढकलून, नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"बाबा, संध्याकाळी हिच्या ऑफिसातली माणसं यायचीत. वास फारच येतोय हो. जरा बघा ना."

"मांजरांचा?"

मुलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मांजरांचाच की. दुसरा कशाचा असणार?"

म्हातारा रिकाम्या खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"बरं. करतो साफ."

मुलाने दार अलगद लोटून घेतलं. म्हाताऱ्याला आधी लाज वाटली. राग मागाहून आला, आणि तो मुलावर आला नाही, सुनेवर नाही. काही न सांगता निघून गेलेल्या बायकोवर आला. दोन निरपराध जीव त्याने आपल्या हाताने टोपलीत घातले होते. त्याने सदरा काढला, दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि छाती भरून श्वास घेतला. काही कळलं नाही.

ट्रे धुवायचा साबण अजून अर्धा शिल्लक होता. तो घेऊन तो न्हाणीघरात गेला आणि त्याने आतून कडी लावली.