मागच्या सीटवरची मांडी

माझ्या सुनेला विचारायची सवय नाही, मोजायची आहे. सकाळी मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मेथी निवडत होते, तर ही मागून आली आणि लोखंडी टेप सर्रकन माझ्या पाठीला लावली. खुर्चीच्या फळीपासून डोक्यापर्यंत. आकडा फोनमध्ये टाकला आणि चालती झाली.

"काय गं, माझ्या तिरडीचं माप घेतेस काय?"

"नाही आई, गाडीचं," ती गॅरेजमधून ओरडली. "हललात तुम्ही, पण चालेल."

ईशानी म्हणजे काही रिकामटेकडी पोर नाही. इथे नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात हाडांची डॉक्टर आहे, दिवसभर लोकांचे गुडघे कापते आणि जोडते. जन्मली वाढली इंग्लंडातच, स्लाऊला, त्यामुळे मराठीत 'ती'चा 'तो' करते, तेही मी सोडून दिलंय. पण दिवसभर कापून पोट भरत नाही म्हणून घरी येऊन निळा डगला चढवायचा आणि गॅरेजात पत्रा कापत बसायचं, हे कुठल्या सुनेला शोभतं? माझा विनय घरात भात लावतो. त्याला म्हटलं तर म्हणतो, "आई, तिला त्यात बरं वाटतं." मला कशात बरं वाटतं ते या घरात कोणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

गाडी आमच्या ह्यांची. फोर्ड पायलट, काळी, चार दारांची, हत्तीच्या पिल्लासारखी. घेतली तेव्हाच म्हातारी होती. ह्यांच्याबरोबरचे हॉस्पिटलातले डॉक्टर नवीन गाड्या घेत होते आणि ह्यांना हसत होते. हे म्हणायचे, हिचं इंजिन ऐका, मग हसा. आठ सिलिंडरचं इंजिन होतं, घुमायचं नुसतं.

मी कायम मागे, डाव्या हाताला. माझी उंची बेताची. पाय खाली टेकत नाहीत, लोंबकळून मुंग्या येतात. म्हणून चपला काढायच्या, सीटवर गोधडीची घडी टाकायची, तिच्यावर मांडी घालायची आणि मांडीत डबा घ्यायचा. हे पुढे एकटे. लेस्टरला मेथी-कढीलिंब आणायला निघालो की सिग्नलला लोक वाकून बघायचे. त्यांना वाटायचं, बाई कुठलीशी राणीसाहेब आणि हा तिचा ड्रायव्हर. ह्यांना त्याची भारी गंमत. एकदा भाजीच्या दुकानासमोर उतरून माझं दार उघडलं आणि सलाम ठोकला. मीही तसाच तोरा ठेवून उतरले. राणीसाहेब आहेच मी, त्यात खोटं काय?

हे गेले आणि गाडीवर चादर पडली. मग एक दिवस ईशानी म्हणाली, "आई, बाबांचा गाडी मी चालू करते." मी म्हटलं, कर. चालू करते म्हणाली होती, सोलते म्हणाली नव्हती. आधी चारी मडगार्ड उतरले. मग बॉनेट गेलं. मग इंजिन बाहेर येऊन जुन्या चादरीवर बसलं, ते तिने उघडलं, घासलं, परत जुळवलं. ह्यांचंच इंजिन ठेवतेय म्हणून मी तोंड मिटून होते.

ते माप घेतलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मागे कोथिंबीर खुडायला गेले. बघते तर कचऱ्याच्या बिनांशेजारी माझी सीट. गाडीची मागची अख्खी सीट, उघड्यावर. आणि आत गॅरेजात गाडीच्या टपाच्या खांबांना निळी टेप लावलेली, जिथे करवत फिरायची तिथे.

मी भांडले नाही. चहा केला, बाहेर आले, चपला काढल्या आणि त्या सीटवर मांडी घालून बसले. बिनांच्या शेजारी. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "लव्हली डे." मी म्हटलं, "येस." विनय येऊन बघून गेला. बापावर गेलाय, पण फक्त नाकाने.

ईशानी ड्यूटीवरून आली ती तशीच समोर येऊन उकिडवी बसली.

"आई, काय झालं?"

"काही नाही. कौन्सिलची कचऱ्याची गाडी येईल, सीटबरोबर मलाही घेऊन जाईल. एका फेरीत काम."

"टाकली नाही सीट. नवीन कव्हर करायचा म्हणून काढली. इथे विनयने ठेवली."

"विनयकडे मी नंतर बघते. आणि टप?"

तिने खिशातून फोन काढून एक चित्र दाखवलं. बुटकी, रुंद, कपाळ नसलेली गाडी. "ह्याला हॉट रॉड म्हणतात. जुन्या काळी साधी मुलं करायची. जुनी गाडी घ्यायची, नको ते काढून टाकायचं, टप खाली आणायचा, इंजिन तगडा ठेवायचा. सगळं घरी, हाताने. विकतचा बॉडी नाही."

"नको ते काढायचं, त्यात मी आले का?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमचं माप घेतलं ना. टप मला पाच इंच खाली पाहिजे होता. तुमच्या डोक्यासाठी चारच घेते. लागणार नाही, प्रॉमिस."

मी चहा संपवला आणि उठले. उठले म्हणजे हो म्हटलं, हे तिला विनयने समजावलं असणार. तिने सीट उचलून आत नेली.

टप एका शनिवारी कापला. आधी तिने गाडीच्या आत आडवे-उभे लोखंडी गज वेल्ड करून घेतले. म्हणाली, हाड कापायच्या आधी दोन्ही बाजू धरून ठेवावी लागते, नाहीतर सगळं पसरतं. मग ग्राइंडरच्या ठिणग्या. मग विनय आणि त्याचा मित्र पद्माकर, दोघांनी टप उचलला, पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा. तिने खांबांचे चार-चार इंचांचे तुकडे कापून काढले आणि झाकण परत ठेवलं. खांब तिरके, त्यामुळे वरचा खालच्याला मिळेना. मग टपच मधोमध कापून लांब केला. काचा कापल्या. हिवाळाभर चाललं होतं. हातावर बारीक बारीक भाजल्याच्या खुणा घेऊन ती जेवायला बसायची आणि मी तिच्या पानात जास्तीचं तूप वाढायचे. गाडीचं कपाळ खाली आलं, नजर बारीक झाली. कोणाच्या तरी वाईटावर टपून बसल्यासारखी दिसायला लागली. वाईट दिसत नव्हती. पण ते मी तिला सांगितलं नाही.

सगळं जोडून, घासून गुळगुळीत झाल्यावर तिने सीट तात्पुरती आत बसवली आणि मला बोलावलं. मी अंबाडा नीट घातला, गोधडीची घडी घेतली, चपला काढल्या आणि वाकून आत शिरले. मांडी घातली. पाठ सरळ केली.

डोकं टपाला आपटलं. अंबाडा चेपला, हनुवटी छातीला लागली. बाहेरचं काही दिसेना, फक्त माझे गुडघे दिसत होते.

"आई, पाय खाली सोडा ना," ईशानी म्हणाली.

"का?"

"मी तसंच मापलं. खुर्चीवर." आणि बोलता बोलताच तिला कळलं. खुर्चीवर पाय लोंबकळले की माझी पाठ खचते. मांडी घातली की ती ताठ उभी राहते, आणि वर गोधडीची घडी. हे तिच्या टेपला कुठून माहीत असणार?

विनय म्हणाला, "आई, लेस्टर काय लांब नाही. तेवढ्यापुरतं पाय सोडून..."

"तुझ्या बापाने मला कधी पाय सोडून बस म्हटलं नाही."

विनय भात बघायला आत गेला.

गॅरेजच्या मागच्या फळीवरून ईशानीने कापलेले तुकडे काढले. सगळे ठेवले होते, एकेकाला चिठ्ठी बांधून, पुढचा डावा, मागचा उजवा. ते टपावर ओळीने मांडले.

"परत जोडते," म्हणाली. "टप वर घेते. चूक माझा आहे."

आवाज सपाट. हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तो. मी वाकल्या मानेने खिडकीतून तिच्याकडे बघत होते. खरंच ग्राइंडरला हात घातला होता तिने. हिवाळाभर जोडलेलं परत उघडायला निघाली होती, एका म्हातारीच्या मांडीसाठी, आणि डोळ्यांत पाणी नव्हतं, तोंडावर उपकार नव्हता.

"ठेव ते खाली," मी म्हटलं. "आधी मला बाहेर काढ, मान मोडली माझी."

तिने हात दिला. मी अंबाडा सोडून परत बांधला, तेवढा विचार करायला वेळ मिळाला.

"टप खाली येतो, तर मी खाली यायला काय झालं? ही सीट काढ. बैठक घाल."

"बैठक म्हणजे?"

"लग्नात व्याही लोडाला टेकून बसतात ती. गादी थेट जमिनीवर, पाठीला लोड. तुझ्या त्या खुर्चीत मी जन्मभर लोंबकळलेय."

ती आत आडवी झाली, टेप काढली, पत्र्यापासून टपापर्यंत मोजलं. मग मला हाताला धरून तिथेच गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून बसवलं आणि परत मोजलं. दोनदा.

"बसतं," म्हणाली. "पण बेल्ट लावणार मी. त्यावर डिस्कशन नाही."

"लाव. देवाला पण पालखीत बांधतात."

गादी आम्ही दोघींनी शिवली. तिला लाल रेक्झिनच्या लांब पट्ट्या पाहिजे होत्या, आत भरून फुगवलेल्या, जुन्या हॉट रॉडमध्ये असतात म्हणे तशा. तिने फोम आणला होता. मी म्हटलं, फोम टीव्हीच्या खोक्यात शोभतो, कापूस आण. बैठकीच्या खोलीत ती एका टोकाला, मी दुसऱ्या. माझ्या हातात दाभण, तिच्या हातात तिची ती ऑपरेशनची वाकडी सुई. तिचे टाके रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सरळ आले, माझे वाकडे. वाकड्यांवरून तिने बोट फिरवलं आणि उसवायला घेतलं नाही. माझी बाजू माझ्या पाठीमागे येईल अशीच मी बसवून घेतली. कशाला लोकांना दाखवायची?

एका रविवारी निघालो, लेस्टरला. इंजिन चालू झालं तशी शेजारीण कुंपणाशी आली. मी चपला काढल्या, आत शिरले, मांडी घातली. डोक्यावर चार बोटं जागा. खिडकी पट्टीएवढी उरलेली, त्या पट्टीतून सगळं गाव सरकत गेलं. सिग्नलला एक माणूस वाकून बघत होता. मी मान थोडी वर केली, जेवढी होत होती तेवढी.

मेथी घेऊन घरी आलो. ईशानीने इंजिन बंद केलं. कान अजून घुमत होते. ती पुढून मागे वळली.

"आई, कसा वाटला गाडी?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने माझं मत विचारलं ते हे पहिल्यांदाच. मी चपला घालेपर्यंत तिला थांबवलं, मग बोलले.

"आवाज कर्कश आहे. दिसते दरोडेखोराची. खड्डा आला की मणका न मणका कळतो. विकायची नाही. मी आहे तोवर मागची डावी बाजू माझी, मग तुझी. आणि विचारत जा, ईशानी. मी नाहीच म्हणेन, पण विचारत जा."