टेलोरा कुणाला सापडेना

मुग्धाने नोकरी सोडून आठ महिने खपून शिंप्यांसाठी एक अ‍ॅप तयार केलं. गिऱ्हाइकाची मापं एकदा भरली की पुन्हा वही धुंडाळायला नको. नाव ठेवलं ‘टेलोरा’. भागीदार शुभंकरने चित्रं केली, राखाडी आणि फार देखणी. तीन महिने उलटले तरी अ‍ॅप घेणारे होते अवघे त्रेसष्ट. त्यांतले निम्मे तिचे पुण्याचे नातेवाईक, आणि त्यांच्यातल्या एकालाही सुईत दोरा ओवता येत नव्हता.

“आपण जाहिराती करू,” बेंगळुरूत, कोरमंगलाच्या खोलीत शुभंकर म्हणाला.

“आधी विचारून तर येते,” म्हणत मुग्धाने चपला घातल्या आणि रिक्षाने चिकपेट गाठलं.

तिथे सोयराबाईंचं शिवणाचं दुकान होतं. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. मुग्धाचे ब्लाउज तिथेच शिवले जात.

“अक्का, मोबाइलवर ‘टेलोरा’ शोधा ना.”

“स्वल्प थांब गं, एवढी बाही जोडते.” मग सोयराबाईंनी चष्मा सारखा केला, फोन तोंडाशी धरला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “टेलोरा!”

फोनने ऐकलं ‘ट्रेलर’. पडद्यावर सिनेमेच सिनेमे.

“अग्गबाई, हे तर मारामारीचं निघालं!” त्या खो खो हसल्या. मुग्धाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तिने विचारलं, “अक्का, नाव विसरा. तुम्हाला मापं लिहायला काही हवं असतं, तर फोनला काय म्हणाला असता?”

“ब्लाउजचं माप.”

“ब्लाउज अळते,” कापड बेतता बेतता दुकानातले शिवाप्पा मास्तर कन्नडमध्ये म्हणाले. अळते म्हणजे मापच.

दोन्ही शब्द शोधून पाहिले. शिवणकलेचे धडे आले, नक्षीचे गळे आले. टेलोराचा कुठे मागमूस नाही. लोक ज्या शब्दांनी हाक मारत होते, ते शब्द मुग्धाने कुठे लिहिलेच नव्हते!

त्या आठवड्यात तिने सगळं बदललं. नाव झालं ‘ब्लाउज माप वही’, कन्नडमध्ये ‘ब्लाउज अळते’. माहिती दोन्ही भाषांत, बोलतात तशी लिहिली. राखाडी चित्रं गेली; पहिल्याच फोटोत गळ्यात टेप घातलेल्या सोयराबाई, हातात फोन. शुभंकर थोडा कुरकुरला, पण फोटो त्यानेच काढला आणि तो झक्कास आला.

पहिल्या दिवशी सतरा जणांनी अ‍ॅप घेतलं. चौथ्या दिवशी दोनशे. पंधरवड्याने आकडा चार हजारांवर गेला, तेव्हा शुभंकर खुर्चीवर उभा राहून ओरडला आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक काय झालं म्हणून वर धावत आले. हुबळीच्या एका शिंपीणबाईने पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘माझी वही पावसात भिजली होती. आता काळजी नाही. बाहीचा घेर कुठे लिहू, तेवढं सांगा.’

मुग्धाने ते तीनदा वाचलं. डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. बाहीच्या घेराचा रकाना तिने त्याच दुपारी घातला.

मग ती धावत चिकपेटला गेली. सोयराबाईंच्या दुकानात आजूबाजूच्या चार-पाच शिंपिणी फोन घेऊन जमल्या होत्या आणि अक्का प्रत्येकीला सांगत होत्या, “तो फोटो माझाच, नीट बघ!”

शिवाप्पा मास्तरांनी मात्र कात्री खाली ठेवली. “सगळं बायकांचंच? शर्ट-पँटचं कधी?”

“सरी, मास्तर, तेही घालू,” मुग्धा म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसून लिहून घेऊ लागली. “सांगा, कॉलरपासून सुरू करू.”