चौदा पौंडांवर उघडलेलं झाकण

शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी थेल्मा रुडस्टेनच्या स्वयंपाकघरात बरण्यांच्या मोठ्या कुकरचं झाकण उडालं. ते छताच्या फळीवर थडकलं, फळी चिरली आणि झाकण मोरीत पडलं. वाफ आणि उकळता रस्सा समोर उभ्या असलेल्या शेजारी गार्थ पेल्कीच्या तोंडावर, मानेवर आणि छातीवर आला. हॅलोरन गावाहून अँब्युलन्स येईपर्यंत तो अंगणातल्या घोड्यांच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून होता. थेल्माची मुलगी जॅनेल त्याचं डोकं पाण्यावर धरून बसली होती. स्वतः थेल्मा ओसरीच्या पायरीवर होती. तिचं उजवं मनगट मोडलं होतं आणि वरचा ओठ फाटला होता.

भांडणाचं कारण होतं एक बैल.

गुरुवारी सकाळी तो थेल्माच्या फाटकातल्या गजांमध्ये अडकला. अमेरिकेतल्या मोंटानात गुरांनी फाटकातून बाहेर जाऊ नये म्हणून रस्त्यातल्या खड्ड्यावर असे लोखंडी गज टाकलेले असतात. बैलाचे पुढचे दोन्ही पाय मोडले. त्याचा हंबरडा ओढ्यापलीकडे पेल्कीच्या गोठ्यापर्यंत ऐकू गेला. थेल्मानं रायफल आणली. पहिली गोळी कवटीवरून घसरली आणि बैल आणखी खाली रुतला. दुसरी बसली. तिनं तिथंच गळा चिरला. रक्त गजांमधून खड्ड्यात गेलं. मग ट्रॅक्टरला साखळी लावून दोघी मायलेकींनी धूड कोठाराशी ओढून नेलं.

इकडच्या पशुपालकांचा एक नियम लहान पोरांनाही पाठ असतो. जनावर कापलं की कातडं जपून ठेवायचं, कानांसकट. मालकानं तापल्या लोखंडानं दिलेला डाग कातड्यावर असतो, खूण कानावर. कातडं नसेल तर मांस कुणाचं ते सांगता येत नाही. थेल्मानं कातडं मीठ लावून कुंपणावर टाकलं, पण आत घेतलं नाही. शुक्रवारी पहाटे त्याचा मानेकडचा आणि पोटाचा भाग तेवढा सापडला. उरलेला कोल्ह्यांनी किंवा कुत्र्यांनी ओढून नेला होता. थेल्माच्या गुरांचा डाग डाव्या बरगडीवर असतो, पेल्कीचा डाव्या पुठ्ठ्यावर. दोन्ही जागा गेल्या होत्या, कानही. त्याच दिवशी पेल्कीनं गुरं मोजली तेव्हा त्याचा एक बैल कमी भरला.

फ्रीझर हरणाच्या मांसानं भरलेला, त्यात ऑक्टोबर असूनही उकाडा. म्हणून शनिवारी सकाळपासून थेल्मा ते मांस टिकवायला हवाबंद बरण्यांत भरत होती. मांसाचे तुकडे लालसर परतायचे, बटाटे, गाजरं, कांदे घालायचे, वर उकळतं पाणी. पीठ लावून रस्सा दाट करायचा नाही, नाहीतर बरणीच्या मध्यापर्यंत आच पोचत नाही. मग बरण्या कुकरमध्ये, झाकणाचे सहा स्क्रू आवळायचे आणि तिथल्या उंचीला पंधरा पौंड दाब दीड तास टिकवायचा. दाब मध्येच उतरला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची. नीट न शिजलेल्या बरणीतल्या विषाला ना वास असतो ना चव. त्यामुळे एकदा झाकणावरचं शिट्टीसारखं वजन खडखडायला लागलं की बाई शेगडीपासून हलत नाही.

पेल्की न ठोठावता आत आला.

"बरण्या छान दिसतायत. कुणाचा गं बैल?"

"माझा. गार्थ, पाय पूस आणि बस. मला हलता येत नाही."

"कातडं दाखव, मग बसतो."

"जनावरांनी नेलं. राहिलंय ते कोठारात आहे, जाऊन बघ."

"बघूनच आलोय. नेमका डागाचाच तुकडा नेला होय? तुझी कुत्री शाळेत जातात वाटतं!"

"जातात ना. तुझ्या पोरांपेक्षा पुढच्या वर्गात आहेत."

जॅनेल हसली. पेल्की हसला नाही. गुरांचे डाग तपासणाऱ्या निरीक्षकाला फोन केल्याचं त्यानं सांगितलं. "चोरी ठरली की सरकारी कुरणाचा परवाना गेलाच म्हणून समज. मग गुरं काय ओसरीवर चारशील?"

हे खरं होतं. परवाना गेला तर थेल्माला उन्हाळ्यात गुरं ठेवायला जागा नव्हती, आणि गुरं नसली तर ते रान ठेवण्यात अर्थ नव्हता. तिचा नवरा त्याच रानात पुरलेला आहे.

"चालता हो," ती म्हणाली.

टेबलावर सकाळच्या खेपेच्या बरण्या निवत होत्या. पेल्कीनं एक उचलून भिंतीवर मारली. मग दुसरी. "माझा बैल आहे, मी काय वाटेल ते करीन!" तिसरी जॅनेलच्या पायाशी फुटली आणि काच तिच्या पोटरीत घुसली. थेल्मानं सुरीला धार लावायची पोलादी कांब उचलून त्याच्या कानशिलावर हाणली. तो गुडघ्यावर आला, उठला, तिचे केस मुठीत धरून त्यानं तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. दोनदा. कांब धरलेला हात त्यानं पिरगळला आणि मनगट मोडल्याचा आवाज जॅनेलनं ऐकला.

"सोड तिला, मेल्या! सोड!"

त्यानं सोडलं. मग शेगडी बंद केली. "ह्यातल्यापण माझ्याच आहेत. घरी नेतो."

वजनाचा खडखडाट हळूहळू थांबला. पेल्कीच्या घरात बरण्या त्याची बायको भरायची. ती वारल्यावर कुणी भरल्या नाहीत. आवाज थांबला म्हणजे आतलं निवलं, असं त्याला वाटलं असावं. दाबाचा काटा झाकणावरच होता, अजून चौदाच्या आसपास. पेल्की समोर उभा राहून एकेक स्क्रू सोडत गेला. झाकण घट्ट बसलं होतं, तेव्हा त्यानं खालून तीच पोलादी कांब घातली.

इथवर मायलेकींच्या सांगण्यात फरक नाही.

शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, डेप्युटी लायल बेकस पोचला तेव्हा थेल्मा स्वतःहून म्हणाली, "मी ओरडले होते. काट्याकडे बघ म्हणाले."

"कधी ओरडलात, रुडस्टेनबाई?"

"तो स्क्रू सोडत होता तेव्हा."

"त्यानं ऐकलं?"

"त्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलंय?"

पण त्याआधी हौदापाशी अँब्युलन्सच्या माणसानं जॅनेलला विचारलं होतं की याला कुणी थांबवलं कसं नाही. पेल्कीच्या गळ्याची कातडी तेव्हा तिच्या बोटांना चिकटत होती. ती म्हणाली, "आई नुसती बघत होती. एक शब्द बोलली नाही." त्या माणसानं हे बेकसच्या कानावर घातलं.

रविवारी बेकसनं जॅनेलला विचारलं, आई ओरडली होती का.

"आठवत नाही," जॅनेल म्हणाली.

"खोलीत आवाज कसला होता?"

"कसलाच नव्हता."

"मग ओरडणं ऐकू आलं असतं की नाही?"

"लायल, माझ्या पायात काच होती. तू तुझ्या आईबद्दल सांगशील का असं?"

"मला कुणी विचारलेलं नाहीये. तुला विचारतोय."

सरकारी वकिलांच्या मते, थेल्मा ओरडली असेल तर हा अपघात आहे. तिनं मुद्दाम उघडू दिलं असेल, तर ते जिवावर उठणं ठरू शकतं. तसं ठरलं तर तिला तुरुंग आहे, आणि परवानाही जाईल, बैल कुणाचाही निघो.

सोमवारी निरीक्षकानं ओढ्याकाठी कातड्याचा आणखी एक तुकडा शोधला. तो पाठीचा निघाला. त्यावर डाग नाही.

पेल्कीचा डावा डोळा वाचणार नाही, असं डॉक्टर सांगतात. बुधवारी सकाळी त्याच्या घशातली श्वासाची नळी काढली. शेरीफ खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला होता. डॉक्टरांनी त्याला आत सोडलं आणि हो-नाहीपुरते प्रश्न विचारायला सांगितलं. झाकण उघडण्याआधी थेल्मा काही बोलली होती का, असं शेरीफनं विचारलं. पेल्कीनं पाणी मागितलं.