बारा सेकंदांची ड्यूटी

मी डागलेलं क्षेपणास्त्र अकरा वर्षं झाली तरी अजून हवेतच आहे. रणगाडा दोन किलोमीटरवर उभा आहे आणि तिथं पोचायला बारा सेकंद लागतात, असं पुस्तकात छापलं आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा माझ्या जागी गुडघा टेकून बसवायला हवं.

क्षेपणास्त्र सोडायचा नळा माझ्या उजव्या खांद्यावर आहे. उजवा डोळा दुर्बिणीला, डावा मिटलेला. नळ्यातून केसासारखी बारीक तार हळूहळू सुटत राहते, तिचं दुसरं टोक क्षेपणास्त्राला आहे. मी बघतो तिकडं क्षेपणास्त्र वळतं, म्हणून मी रणगाड्याशिवाय कुठंच बघत नाही. डोळा मिटला तर ते वाळूत पडेल. रणगाड्याच्या झाकणातून एक माणूस कमरेपर्यंत बाहेर आलेला आहे. सुरुवातीला त्याच्या मिशा काळ्या होत्या. आता पार पिकल्या.

चौथ्या महिन्यात मी मागं बसलेल्या सुभेदार साहेबांना विचारलं, "साहेब, डोळा मिटू का?"

"मीट की. पण कागदावर पळपुटा म्हणून नाव जाईल."

मी मिटला नाही.

दुसऱ्या वर्षी माझी बायको वैजंता गावाकडून आली. कडेवर आमची प्राजू होती. मी घरून निघालो तेव्हा ती पोटात होती. वैजंतानं माझ्या डाव्या अंगाला चूल मांडली. घास ती भरवते.

प्राजूला मी हातानं ओळखतो. दात आले ते ती बोटाला चावली तेव्हा कळलं. शाळेत तिनं बापाचं चित्र काढलं, त्याला एकच कान होता, दुसरा नळ्याआड. बाईंनी मार्क कापले. मला फार वाईट वाटलं, पण मला रडायची सोय नाही. काच धुरकटते.

आज सकाळी ती कानाशी येऊन म्हणाली, "आबा, माझ्याकडं बघा की."

"बघितलं तर ते तुझ्याकडं यील, बाळा."

"समद्यांचं आबा बघत्यात."

"तू कशी दिसतीस ते आईला इचार."

"आई म्हंती, बापाला इचार."

मग चपला वाजल्या आणि दूर गेल्या.

"वैजंता, प्राजू कुठाय?"

"शाळंला गेली आसंल," ती म्हणाली. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं काचेत डावीकडून दोन वेण्या आल्या. एक मुलगी वाळूतून पळत रणगाड्यापाशी गेली, त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि माझ्याकडं वळली. तिनं फ्रॉक खाली ओढून नीट केला.

झाकणातला माणूस धडपडत खाली उतरला. दोन्ही हातांनी तिला हाकलू लागला, मग तिच्यापुढं आडवा उभा राहिला.

"मीट डोळा!" सुभेदार साहेब ओरडले. "नाव नाही जाणार, मीट!"

मिटायला हवा होता, हे मला कळत होतं. पण दहा वर्षं मी या पोरीच्या तोंडासाठी तळमळलो होतो.

तिनं त्या माणसाच्या आडून मान बाहेर काढली आणि हसली. डाव्या गालावर खळी होती. खांद्यावर तार सरसर सुटू लागली.