पाण्यावरची रूपाबाई

निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं होती. वारंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं, आणि आजूबाजूच्या गावांत पटकी शिरली होती. गावं आपापल्या वेशी बंद करून बसली. ओढ्याकाठच्या झोपड्यांतल्या मजुरांना ना वेस, ना गाव. त्यांना वाली एकच, पुलाचा मिस्तरी खाजा मिया. दाढी पांढरी, जीभ तिखट, पण माणसांवर जीव.

गावोगाव फिरणाऱ्या सरकारी डॉक्टरचं ऐकून खाजा मियाने फर्मान काढलं. ओढ्याचं पाणी बंद. विहिरीचं पाणी गुळाच्या कढईत उकळायचं आणि त्याला एकाच माणसाने हात लावायचा. त्या माणसाने कुणात मिसळायचं नाही. राहणं वेगळं, खाणं वेगळं.

आता हा वनवास कुणाच्या गळ्यात घालायचा? सगळ्यांच्या नजरा रूपाबाईकडे वळल्या. बंजाऱ्यांच्या तांड्यातली विधवा, ना मूल ना बाळ. मागे रडायला कुणी नाही असं माणूस लोकांना अशा वेळी फार लवकर सापडतं.

"किती दिस, चाचा?" तिने विचारलं.

"रोग जाईपर्यंत. मग ये की आपल्या बायांत."

रूपाबाईला दुसरं काही नकोच होतं. दिवसभर दगड वाहायचे आणि संध्याकाळी मैत्रिणीच्या, भिकाबाईच्या, चुलीपाशी बसून एकमेकींची थट्टा करायची, एवढ्यावर तिचं आयुष्य चाललं होतं. तेवढं परत मिळणार म्हणून ती विहिरीवर राहायला गेली.

पण दिवस जाता जाईनात. मजूर यायचे, ओंजळ धरायचे, ती लांबून धार सोडायची. दोन शब्द बोलावेत तर मागचा घाई करायचा. संध्याकाळी पलीकडे चुली पेटायच्या, भिकाबाईचं हसणं ऐकू यायचं, आणि ही बापडी कढईशी बोलत बसायची. "काहून गं, आज लवकर तापली?" कढई काय बोलणार!

त्यात लोकांना ते पाणी आवडेना. कोमट आणि गुळचट. लखमा नावाचा गडी तर उघडच म्हणाला, "ह्ये पाणी हाय का काढा?" आणि निघाला ओढ्याकडे. रूपाबाई मागून ओरडली, "लखम्या, मरशील रे मेल्या!" आपल्या माणसाला हक्काने द्यावी तशी शिवी होती ती. लखमा हसला, ओढ्यावर पोटभर प्याला आणि दोन दिवसांत गेला.

तेव्हापासून लोक मान खाली घालून तिच्यापुढे ओंजळ धरू लागले. ओढ्याकडे कुणी फिरकेना. झोपड्यांत कुजबुज चालली, की रूपीच्या अंगात मरियामा आली, रोगराईची देवी. बोलली ते खरं झालं. एवढ्या पटकीत विहिरीवर एकटी राहूनही ती धडधाकट, ते काय उगाच?

रूपाबाईला रडू कोसळलं. "चाचा, सांगा ना ह्यायला. म्या रागानं बोलले. म्या कुठली देवी?"

खाजा मिया लांब दगडावर बसून विडी ओढत होता. "सांगतो," तो म्हणाला. "पन मग उद्या लोक ओढ्यावर जातील. आज तुला भिऊन राहिले म्हून उकळलेलं पिऊन राहिले. सांगू?"

लखमाच्या बायकोचा आक्रोश अजून तिच्या कानात होता. तिने कढईखाली लाकूड सारलं. "नका सांगू. रोग गेल्यावर सांगा."

लखमानंतर त्या झोपड्यांतलं एकही माणूस गेलं नाही. पुढे पटकी ओसरली, वेशी उघडल्या. खाजा मिया शब्दाला जागला. सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "अरे, बाई हाय ती, तुमच्यासारखीच. तुमी उकळल्या पाण्यानं वाचलात." लोकांनी मान डोलावली. मिस्तरी भला माणूस, पण आपल्या देवीचं त्याला काय कळणार, असं एकमेकांत म्हणाले.

रूपाबाईने डोक्यावरून न्हाऊन गाठोडं बांधलं आणि ती चुलींकडे जवळजवळ धावतच निघाली. भिकाबाई ताट घेऊन सामोरी आली. ताटात गरम भाकरी, गूळ आणि कुंकू.

"भिके, लई भूक लागली गं!"

भिकाबाई वाकली. नवरा गेल्यापासून जिच्या कपाळाला कुंकू लागलं नव्हतं तिच्या पावलांवर तिने चिमूटभर कुंकू वाहिलं. "याडी," ती म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि देवीलाही.

"अगं, म्या रूपी! बस की जवळ. दोघी खाऊ."

"देवीच्या ताटात हात कसा घालू, याडी?" भिकाबाई मागे सरकली.

मग मात्र रूपाबाईचा धीर सुटला. "मुडद्यांनो, तुमच्यासाठी म्या तिथं एकली मेले! कुनीतरी हात लावा मला!"

ती ओरडली तशी सगळी माणसं जमिनीवर पालथी पडली. देवी कोपली होती. भिकाबाईने तर आपल्या लेकराचं डोकंही हाताने खाली दाबलं. खाजा मिया तेवढा उभा होता, डोळे भरून. पण परक्या बाईचा हात धरावा कसा, म्हणून तोही जागचा हलला नाही.

रूपाबाईने त्या वाकलेल्या पाठींकडे पाहिलं. ऊन तापत होतं, लेकरं मातीत तोंड घालून पडली होती. ती ताटापाशी एकटीच बसली आणि जेवू लागली, कारण ती जेवल्याशिवाय त्यांतलं कुणी डोकं वर करणार नव्हतं.