खुंट म्हणा नाहीतर तोफ म्हणा

मी एक जुना खुंट आहे. नाही, थांबा. माझ्या शेजारी जी पाटी ठोकलीय तिच्यावर लिहिलंय की मी एक जुनी तोफ आहे. म्हणजे मित्रांनो, पहिल्याच वाक्यात माझी वाट लागली. खुंट म्हणजे तो, तोफ म्हणजे ती. मग मी 'होतो' म्हणू की 'होते'? जाऊ दे. सवय 'होतो'ची आहे, तेच चालू ठेवतो. कोणाला चालत नसेल तर त्याने सरळ केवड्याच्या पायवाटेने पुढे जावं, तिकडे बाक आहे.

माझा जन्म कसा झाला? मला ओतलं तेव्हा भयंकर गरम होतं, एवढंच आठवतं. कोणी ओतलं ते मला विचारू नका. बघायला येणारा एक जण सांगतो, "ही फिरंग्यांची." मागून दुसरा येतो, "छ्या, ही आपल्या मराठ्यांची." मी दोघांचं ऐकतो. मी काय शाळेत गेलोय? मी कोणावर उडालो का, तेसुद्धा धड आठवत नाही. एकदा फार मोठा आवाज झाला होता आणि सगळे कावळे उडाले होते. तो मी केला की ढगाने, देव जाणे.

नीट आठवतं ते त्याच्या पुढचं. मनोरीच्या बाजूला आमचं छोटंसं बंदर आहे. मार्व्याहून तरीत बसून यावं लागतं. तिथल्या कोळ्यांनी मला उचललं आणि किनाऱ्यावर वाळूत उलटं गाडलं. तोंड खाली, बूड वर. हसू नका. तोफेच्या बुडाला एक गोल गाठ असते. तिला होडीचा दोर असा बसतो की वाऱ्याच्या बापालाही सुटत नाही. किती पिढ्या मी तसाच उभा होतो. तोंडात वाळू, डोक्यावर ऊन, कमरेला दोर. पण झकास चाललं होतं. मी कोण हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आणि मान काय होता! पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला त्या परत पाण्यात उतरतात. आमच्या बंदरातली रीत अशी की त्या दिवशी प्रत्येक होडीचा दोर आधी मला बांधायचा, मला हळदकुंकू लावायचं, आणि मग घरच्या बाईने आपल्या हाताने तो सोडायचा. तिने सोडलेली होडी परत येते, असं म्हणतात.

सोनूबाई म्हणून एक कोळीण आहे. आवाज असा की पलीकडच्या काठावरचं कुत्रं गप्प बसतं. ती एका वर्षी बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिच्या नवऱ्याचा दोर दुसऱ्याच कोणीतरी सोडला. होडी परत आली, माणूस आला नाही. त्या बाळंतपणातला मुलगा म्हणजे जयवंत. तो आता होडी चालवतो, आणि दर वर्षी त्याचा दोर सोनूबाईच सोडते. दुसऱ्या कोणाला बोट लावू देत नाही. दोराने माणूस वाचतो का? मला कळत नाही. मी लोखंड आहे. पण गाठ सुटल्यावरही ती दोराचं टोक जरा वेळ मुठीतून जाऊ द्यायची नाही, हे मला कळायचं.

मग एक साहेब आले. टेकाडावर जो पडका बुरूज आहे तिथे म्हणे ऐतिहासिक उद्यान करायचं. पायवाटा आखल्या, कडेला चुना मारलेले दगड लावले. आणि साहेबांनी मला बघून टाळी वाजवली. "अरे, ही तर तोफ!"

आता मजा ऐका. मला वर न्यायचं ठरलं तेव्हा एकाही कोळ्याने भांडण केलं नाही. उलट सगळ्यांनी मिळून मला ओंडक्यांवरून ढकलत, हैय्या हो करत, वर पोचवलं. का? तर त्यांना वाटलं, पावसाळ्यात होड्या वर नेतो, डांबर लावतो, परत आणतो, तसाच खुंट पण चाललाय. डांबर लागेल, पौर्णिमेआधी खाली येईल. साहेबांना वाटलं, काय समजूतदार गाव आहे! कोणी कोणाला विचारलंच नाही. मला तर कोणीच नाही.

वर मला आडवं केलं आणि दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलं. तोंडातून वाळू निघाली, त्यामागून एक खेकडा निघाला, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. पाटी लागली : 'शत्रूवर रोखलेली प्राचीन तोफ. तोफेस हात लावू नये.' पण ठेवणाऱ्यांनी माझं तोंड समुद्राकडे न करता खाली कोळीवाड्याकडे केलं. नेमकं सोनूबाईच्या दारावर. रविवारी लोक पायवाट चढून घाम पुसत येतात, पाटी वाचतात, माझ्या नळीवरून एक डोळा मिटून बघतात, तर समोर सोनूबाई बोंबील वाळत घालतेय.

"पप्पा, शत्रू ती मावशी आहे?"

"गप रे. जुहूला गेलो असतो तर भेळ तरी मिळाली असती."

मला राग यायचा आणि कोणावर काढायचा ते समजायचं नाही. खाली होतो तेव्हा मला कामाला हात लावायचे. इथे हात लावायला बंदी, तरी जो तो माझ्यावर बसून फोटो काढतो.

नारळी पौर्णिमा आली. बाकीच्या घरांनी साहेबांनी दिलेल्या नव्या लोखंडी खांबाला कुंकू लावून भागवलं. सोनूबाई मात्र तरातरा वर आली. फाटकात दत्ताराम उभा होता. दत्ताराम मालवणचा. गिरण्यांच्या संपात त्याची नोकरी गेली आणि कशीबशी ही पहारेकऱ्याची मिळाली.

"काय रं शिपाया, पावसाला सरला, रंगवून झाला नं? आता आमचा खुंट दे."

"गे बाय, खुंट खय? ती तोफ आसा. सरकारी."

"तोफ तुजी! माझा सासरा त्याला दोर बांधायचा नि तू मना शिकवतंस? वर माझ्याच दारावर तोंड करून ठेवलाय!"

"माका कित्याक गाळी घालतस? मी ठेवलंय? हलवलं तर माजी नोकरी जातली."

खालून जयवंत ओरडला, "आये, चल ना! ओहोटी लागली की होरी चिखलात बसंल. खलाशी दुसऱ्याच्या होरीवर जातील!"

"तू गप! त्या नव्या खांबाचा दोर मी नाय सोडणार. कोण ओळखतं त्याला? नि मी सोडल्याबिगर तू नाय जायाचा!"

मला वाटत होतं, मी लोळत खाली जावं. मग वाटलं, मी तोफ असेन तर कशाला जाऊ? आणि खुंट असेन तर इथे काय करतोय? खाली पाणी हळूहळू मागे सरकत होतं.

तेवढ्यात दत्ताराम पाटीजवळ गेला. बोट लावून एकेक अक्षर वाचलं. "हात लावू नये. बरा. दोर लावू नये असा खय लिवलेला आसा?"

सोनूबाईने एकदा पाटीकडे आणि एकदा खाली होडीकडे बघितलं. मग असा आवाज दिला की केवड्यातल्या साळुंक्या उडाल्या. "मालन! घरातले सगले दोर आण गो! तुजे पन!"

शेजारची मालन दोर घेऊन धावत आली. तिच्यामागून बाकीच्या बायका आल्या. नवा दोर, जुना दोर, जाळ्याचा दोर, एकाला एक गाठ मारत होडीपासून टेकाड चढत आल्या. फिरायला आलेल्या लोकांना काही समजेना. घाटकोपरची नलिनी नावाची एक बाई मुलीला घेऊन आली होती.

"हा कसला कार्यक्रम आहे हो?"

"कार्यक्रम नाय," मालन म्हणाली, "तो दोर काट्यात अडकलाय, उचल जरा. बगत काय ऱ्हायलीस?"

नलिनीने पर्स मुलीच्या गळ्यात अडकवली आणि दोर उचलला. बघता बघता सगळी पायवाट दोर धरून उभी. शेवटचं टोक सोनूबाईने माझ्या बुडाच्या गाठीला बांधलं. मित्रांनो, कमरेला दोर बसला आणि माझ्या अंगात पाणी हललं. खाली लाट आली की इथे मला ओढ लागत होती. एवढ्या लांबून!

बांधताना तिने मला नुसता दोरच लागू दिला होता, पण आता कुंकवाला हात लावावा लागणार. दत्ताराम मोठ्याने म्हणाला, "चला, पावण्यांनो, हय बघा! ह्या बुरजाचो दगड बघा!" आणि माझ्याकडे पाठ करून बुरूज दाखवत सुटला. त्यातलं त्याला काडीचं माहीत नव्हतं.

सोनूबाईने कुंकू लावलं आणि दोर सोडला. टोक तसंच जरा वेळ मुठीत धरलं, मग जाऊ दिलं. तो एवढा लांब दोर, गाठी आपटत, चुन्याच्या दगडांवरून उड्या मारत खाली गेला आणि पाण्यात पडला. जयवंतने होडी काढली.

मी बंदरावर असताना होडी थोडी पुढे गेली की खडकाआड जायची, आणि सोनूबाई उठून घरी जायची. आज ती सवयीने उठली, आणि पुन्हा बसली. मला पाठ टेकून.

"अगो बाय," ती म्हणाली, "अजून दिसतंय."

होडी अगदी ठिपका होईपर्यंत दिसत होती. परत आली तेव्हाही साऱ्या कोळीवाड्याच्या आधी इथून सोनूबाईनेच पाहिली. पायवाटेने अशी धावत सुटली की एक चप्पल माझ्या ठोकळ्यापाशीच राहिली.

तेव्हापासून आमच्यात भांडण चालू आहे. ती येते, टेकते आणि म्हणते, "तुला खाली नेऊ का हितंच ऱ्हाऊ दे रं?" मला सांगता येत नाही. खाली माझं काम होतं, वरून तिला मुलगा दिसतो. साहेबांना विचारा, ते म्हणतील तोफ. दत्तारामला विचाराल तर तो आधी साहेब कुठे आहेत ते बघेल.

म्हणून तुम्हाला सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू दिसली की लगेच तिला नाव देऊ नका, आणि लगेच उचलू तर अजिबात नका. ती कोणाच्या उपयोगी पडते, तिला कोण टेकून बसतं, ते आजूबाजूला विचारा. विचारायला काही पैसे पडत नाहीत. आणि मी खुंट की तोफ ते ठरेल तेव्हा ठरेल, तोपर्यंत माझ्या अंगावर खिळ्याने आपली नावं कोरू नका. माझं स्वतःचं अजून नक्की व्हायचंय, त्यात तुमचं कुठे घेऊ?